मुंढव्याची चौकशी लागली, ठोक्याने गेलेल्या हाडोळ्याची कधी लागणार?

पुण्यातील मुंढव्याच्या सुमारे 40 एकर महार वतन जमिनीचा व्यवहार नोव्हेंबर 2025 मध्ये चव्हाट्यावर आला आणि सारे मंत्रालय खडबडून जागे झाले. जमीन सरकारच्या ताब्यातील, भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेला भाडेपट्ट्याने दिलेली. विक्री झाली वतनदारांच्या वारसांच्या कुलमुखत्यारपत्रावर. घेणारी कंपनी तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांच्या चिरंजीवांच्या भागीदारीची, आणि किंमत 300 कोटी. अपर मुख्य सचिव विकास खारगे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. नेमायलाच हवी होती. परंतु चर्चा झाली ती मुद्रांक शुल्काची. वतनदाराचे काय बुडाले, हे किती जणांनी विचारले?

हा प्रश्न धाराशिव जिल्ह्याने विचारण्याला विशेष कारण आहे. 22 व 23 फेब्रुवारी 1941 रोजी याच जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषद भरली आणि तिला स्वतः बाबासाहेब आले. त्या परिषदेचा अभिमान आपण जिल्हाभर सांगतो. परिषद कशासाठी होती, हे मात्र सांगायचे राहून जाते.

वतन म्हणजे गावकीच्या राबणुकीचा मोबदला. येसकराने रात्रंदिवस राबायचे आणि त्याबदल्यात हाडकी-हाडोळ्याचा तुकडा कसायचा. बाबासाहेबांनी 19 मार्च 1928 रोजी मुंबई कायदेमंडळात वतन कायदा दुरुस्तीचे विधेयक मांडले. गुलामी जावी, पण जमीन राहावी, असा त्यांचा आग्रह होता. पुढे सरकारने वतन जमिनींवरची जुडी वाढवली, तेव्हा 1941 सालीच सिन्नरलाही परिषद झाली. वतन मोडताना जमीन हातची जाऊ नये, ही चिंता तेव्हापासूनची आहे.

आता कायद्याकडे पाहा. 1874 च्या मुंबई वतन कायद्यानुसार वतनदाराला सरकारच्या परवानगीवाचून आपल्या हयातीपलीकडच्या मुदतीने जमीन परक्याला पट्ट्याने देता येत नव्हती. मग 1958 चा कनिष्ठ गाव वतने निर्मूलन कायदा आला. वतने गेली आणि आकारणीच्या पटीत रक्कम भरून जमीन वतनदाराला परत देण्याची तरतूद झाली. जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय हस्तांतर नाही, अशी अटही घातली गेली. येथपर्यंत ठीक. पण त्याच कायद्यात दोन दारे उघडी राहिली. वतन जमीन कायदेशीर पट्ट्याने दिलेली असेल तर तिला कूळकायदा लागू. आणि बेकायदा ताबेदाराने जमिनीत गुंतवणूक केली असेल, त्याला काढणे फार त्रासाचे ठरत असेल, तर रक्कम घेऊन जमीन त्यालाच देण्याचा अधिकार सरकारला.

बाबासाहेबांनीच 1938 च्या जानेवारीत कोकणातल्या खोतांविरुद्ध शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला होता. तेव्हा कुळाच्या हक्काविरुद्ध चळवळीची तक्रार असूच शकत नाही. खोताच्या गावात जमीनमालक बलवान आणि कूळ दुबळे होते. महारवाड्याच्या जमिनीत नेमके उलटे! येथे मालक दुसऱ्याच्या बांधावर मजुरीला आणि ‘कूळ’ म्हणजे गावचा बडा शेतकरी. दुबळ्याचे रक्षण करणारा कायदा कागदावर तोच राहतो, गावात मात्र बलवानाच्या हाती जातो.

ही जमीन जाते कशी, हे मराठवाड्यातल्या माणसाला समजावून सांगायला नको. 1972 चा दुष्काळ पडला, माणसे मुंबई-पुण्याला जगायला गेली, शेत ठोक्याने दिले. कुणी बटईने दिले, कुणी मुलीच्या लग्नासाठी उचल घेऊन गहाण टाकले. ठोका तोंडी. घेणाऱ्याने विहीर पाडली, पाइपलाइन टाकली, ऊस लावला. उसाचा खोडवा निघेपर्यंत वर्षे सरतात, उचल फिटत नाही, म्हातारा मरून जातो. मुले गावी येतात तेव्हा पीक पाहणीच्या रकान्यात भलतेच नाव असते. आणि ती विहीर, तो ऊस हीच ‘गुंतवणूक’ म्हणून पुढे केली जाते.

सरकारची माया कुणावर आहे, तेही पाहून घ्या. मराठवाड्यातील मदतमाश इनाम जमिनींचे अडकलेले व्यवहार नियमित करण्यासाठी 2024 साली नजराणा 50 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आणला गेला. त्या जमिनी वेगळ्या, त्यांचा कायदाही वेगळा, आणि त्यात अडकलेले अनेक छोटे शेतकरी सुटले असतील, याचा राग नाही. पण नजराणा थोडा असो वा फार, तो सरकारच्या तिजोरीत जातो आणि जमीन ताबेदाराकडे राहते. मूळ हक्कदाराला यात जागाच नाही. सप्टेंबर 2025 मध्ये महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी आदिवासींना आपल्या जमिनी खासगी पक्षांना भाडेपट्ट्याने देता येतील असे जाहीर केले. मालकी आदिवासीचीच राहील, असे सांगितले गेले. हाडोळ्याची मालकीही सातबाऱ्यावर बरीच वर्षे आपलीच होती!

मुंढव्याला समिती लागली कारण तिथे एकराला कोटींचा भाव आहे. कळंब, परंडा, भूम, उमरगा तालुक्यांतल्या दोन-दोन एकरांसाठी समिती येणार नाही. पण चौकशीची वाट कायद्यात आहेच. हक्कनोंदीतल्या माणसाऐवजी दुसराच कोणी कसत असेल तर तलाठ्याने नमुना 14 भरून तहसीलदाराला कळवायचे आणि तहसीलदाराने चौकशी करायची, असा नियम आहे. तेव्हा तहसीलकडे माहिती अधिकारात तीन गोष्टी मागा: तालुक्यातील भोगवटादार वर्ग 2 च्या वतन जमिनींची गटवार यादी, त्या प्रत्येक गटात पीक पाहणीला लागलेले नाव, आणि त्यासाठी भरलेला नमुना 14. सोबत 1954-55 चे खासरा पाहणी पत्रक आणि पुढचे फेरफार काढा. मोडीत वा उर्दूत असलेले जुने कागद वाचून देणारी माणसे अजून आहेत, ती आहेत तोवर हे काम उरकले पाहिजे. सुरुवात तडवळ्यापासून करावी.