उभ्यानं ऐकलेली मैफल

माझ्या कानांचं सारं शिक्षण सवाई गंधर्व महोत्सवाच्या मांडवात झालं. थर्मासमध्ये चहा, अंगावर शाल आणि खाली सतरंजी. असा मी, वय वर्षं बहात्तर, मागच्या वर्षी इंग्लंडमध्ये लेकीकडे गेलो असताना गॅरी न्यूमनचा कार्यक्रम ऐकून आलो, तोही उभ्यानं. पुण्यातल्या मित्रांना अजून ही थाप वाटते.

झालं असं की नातू तेरा वर्षांचा, आणि त्या सभागृहात चौदा वर्षांखालच्या मुलासोबत मोठं माणूस लागतं. लेकीची रात्रपाळी, जावई बाहेरगावी. उरलो मी! पण खरी काळजी वेगळीच होती. आमच्या नातवाला ऑटिझम आहे. कुकरची शिट्टी झाली की तो कान झाकून घेतो. एकदा तर लग्नाच्या हॉलमधून पळून गेला होता. आणि त्याला जायचं होतं भिंती हादरवणाऱ्या गाण्याला. कारण? आपल्याला ॲस्पर्जर असल्याचं न्यूमननं मुलाखतींतून मोकळेपणानं सांगितलं आहे. ‘तो माझ्यासारखा आहे,’ एवढंच नातू म्हणाला. लेकीनं मुकाट्यानं तिकिटं काढली.

हा न्यूमन कोण, तर सिंथ-पॉप या प्रकारातला आद्य मानकऱ्यांपैकी एक. १९७८ साली तो गिटार घेऊन ध्वनिमुद्रणाला गेला, तर तिथे आधीच्या कुणीतरी ठेवून गेलेला मिनीमूग नावाचा सिंथेसायझर होता. सहज पट्टी दाबली, खोली हादरली, आणि गड्याचं आयुष्य बदललं. १९७९च्या उन्हाळ्यात, वयाच्या एकविसाव्या वर्षी, ‘आर फ्रेंड्स इलेक्ट्रिक?’ हे त्याचं गाणं ब्रिटनमध्ये चार आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. पाठोपाठ ‘कार्स’ही तिथेच पोचलं. १९८१मध्ये वेम्बलीला तीन रात्री गाऊन त्यानं मंचाचा निरोप घेतला. अर्थात तो टिकला नाही. आपल्या नाटकवाल्यांचे निरोपाचे प्रयोग आठवा!

रांगेत उभे असताना नातवानं मला आणखी एक गोष्ट सांगितली. त्याच १९८१ साली हा गृहस्थ लहान विमानातून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला आणि नेमका भारतात अडकला. हेरगिरी आणि तस्करीच्या संशयावरून त्याला सहवैमानिकासह अटक झाली. पुढे सुटका झाली, प्रदक्षिणाही दुसऱ्या विमानातून पुरी झाली. ‘आजोबा, तुम्ही तेव्हा तिथे होता ना?’ नातवानं विचारलं. जणू मीच पकडलं असावं!

आता कुणा वाचकावर असा प्रसंग आलाच, तर चार अनुभवाचे बोल. खुर्चीची अपेक्षा ठेवू नका. दारात पिशव्या तपासतात. आधी दुसराच एखादा वाद्यवृंद वाजवतो, मग अर्धा तास नुसती वाट. श्रोते बहुतेक पन्नाशी-साठीचे, काळ्या कपड्यांतले आणि कमालीचे सभ्य. कानांत बोळे मात्र हवेतच. पंच्याऐंशी डेसिबल आवाज आठ तास सोसता येतो. पुढे दर तीन डेसिबलला ती मुदत निम्मी होते, म्हणजे शंभरला जेमतेम पंधरा मिनिटं. आम्ही दाराजवळची जागा धरली आणि खूण ठरवली : त्यानं माझा हात दोनदा दाबला की बाहेर.

दिवे मालवले, आणि पहिला सूर कानांनी नव्हे, छातीनं ऐकला. न्यूमननं ‘नमस्कार रसिकहो’ नाही की काही नाही. दोन गाण्यांच्या मध्ये चकार शब्द नाही. पासष्टी ओलांडलेला तो माणूस वाऱ्यातल्या झाडासारखा हलत होता. १९७९च्या त्याच्या ‘द प्लेझर प्रिन्सिपल’मध्ये एकही गिटार नव्हती, आता गिटारींचा नुसता गडगडाट. जुनी गाणी ऐकायला आलेल्यांनी नव्याचीही तयारी ठेवावी. ‘कार्स’ मध्येच केव्हातरी आलं, शेवटासाठी राखून ठेवलं नव्हतं. हे मला आवडलं.

पाचव्या-सहाव्या गाण्याला पांढरे दिवे विजेसारखे लखलखू लागले. हात दोनदा दाबला गेला.

आम्ही बाहेर जिन्यावर बसलो. त्यानं गुडघ्यांत डोकं घातलं होतं. मी काहीच बोललो नाही. आलो हीच चूक झाली, लेकीला काय सांगायचं, असं मनात चाललं होतं. बंद दारातून फक्त खर्ज येत होता, घुम्म घुम्म. दहाएक मिनिटांनी तो म्हणाला, ‘आजोबा, दार म्हणजे फिल्टर.’

मग मला धडा मिळाला. मिनीमूगमधून एका वेळी एकच सूर निघतो, गळ्यासारखा. (म्हणजे पेटीपेक्षाही तो गाण्याच्या जवळचा, हे माझं मत.) मुळातला आवाज सगळ्या उपस्वरांनी भरलेला, भगभगीत, त्यातले वरचे उपस्वर फिल्टर अडवतो. बंद दारही तेच करतं, खर्ज तेवढा जाऊ देतं. मी म्हटलं, ‘आमच्याकडे उलटं. तंबोऱ्याच्या तारेखाली दोरा सरकवतात, त्यानं उपस्वर उमलतात. त्याला जवारी म्हणतात.’ त्यानं पहिल्यांदाच मान वर केली. ‘दोरा? नुसता दोरा?’

तो उठला आणि दाराशी गेला. आधी बोटभर उघडलं, मग थोडं अधिक. घुमणाऱ्या खर्जावर एकेक थर चढत गेला : आधी गळा, मग झांजांची सळसळ. तिथला रखवालदार आमच्याकडे बघत होता. पण बोलला नाही, त्याचे आभार. पुरतं दार उघडून नातू आत शिरला, मी मागोमाग.

शेवटी गायक आत गेला, लोक मात्र हलेनात. नातू घाबरला, ‘संपलं?’ दिवे लागले नव्हते, म्हणून मी छातीठोक सांगितलं, ‘छे, हा वन्स मोअर!’ मराठी नाटकाचं शिक्षण असं कामी आलं.

पुण्याला परतल्यावर त्याचा फोन आला. हल्ली रविवारी मी तंबोऱ्यासमोर मोबाईल उभा करतो आणि दोरा सरकवतो. तो पडद्यावर दिसत नाही, फक्त ऐकू येतो : ‘थांबा आजोबा. थोडा मागे.’