अक्षर, अंतर आणि आरेखन

काही वर्षांपूर्वी कोल्हापुरातील एका शाळेत विज्ञान प्रदर्शन भरले होते. प्रवेशद्वारावरचा कापडी फलक नववीतल्या एका मुलाने रंगवला होता. चित्रकलेत तो वर्गात पहिला. तांबड्या कापडावर निळी अक्षरे, प्रत्येक अक्षराला वेलबुट्टीचे वळण, भोवती ग्रहगोल आणि परीक्षानळ्या. फलक वर्गात टेबलांवर पसरला तेव्हा सर्वांनी वाहवा केली. पण तो दारावर चढला आणि रस्त्यापलीकडून येणारे पालक शिपायाला विचारू लागले, "प्रदर्शन कुठं भरलंय?"

मुलगा हिरमुसला. संध्याकाळी तो चित्रकलेच्या शिक्षकांना म्हणाला, "सर, मला हेच काम शिकायचंय. कॉम्प्युटरचा क्लास आत्ताच लावू, की दहावी झाल्यावर?" सरांनी कपाटातून मोजपट्टी काढून त्याच्या हातात दिली. "क्लासचं नंतर बघू. उद्या सकाळी रस्त्यापलीकडं जाऊन उभा राहा."

ग्राफिक डिझाइनची सुरुवात केव्हा आणि कशी करावी, हा प्रश्न आज अनेक विद्यार्थ्यांना पडतो. त्याचे उत्तर सरांच्या त्या मोजपट्टीत आहे.

चित्र आणि निरोप

चित्रकार चित्र काढतो तेव्हा पाहणारा त्याच्यापुढे सावकाश उभा राहील असे गृहीत असते. पाटी, भित्तिपत्रक, पुस्तकाचे मुखपृष्ठ किंवा गुळाच्या डब्यावरचे लेबल यांना ही सवड नसते. तेथे कोणाला तरी काही तरी सांगायचे असते आणि तेही थोड्या वेळात. म्हणून या कामाला उपयोजित कला म्हणतात. 'सुंदर दिसते का?' याच्या आधी येथे 'कळते का?' हे विचारावे लागते.

कोल्हापूरला हे काम नवे नाही. बाबूराव पेंटर यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. १८९० साली कोल्हापुरात जन्मलेले बाबूराव कृष्णराव मेस्त्री कोणत्याही कलाशाळेत न जाता चित्रकला व शिल्पकला शिकले. आपले बंधू आनंदराव यांच्यासह ते नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. नाटकाचा पडदा हातभर अंतरावरून कोणी पाहत नाही. शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही राजवाडा राजवाड्यासारखा दिसला पाहिजे. जवळून भडक व खडबडीत वाटणारा रंगाचा फटकारा लांबून नेमका दिसतो, हे ज्ञान तेथे हाताला मिळत असे.

पुढे चलच्चित्रांचा ध्यास लागला तेव्हा या भावांनी कॅमेराच बनवायला घेतला. १९१६ मध्ये आनंदराव वारले. पण बाबूरावांनी दामल्यांच्या मदतीने तो पुरा केला. त्यांचा 'सैरंध्री' हा चित्रपट १९२० साली पडद्यावर आला. आपल्या चित्रपटांची भित्तिपत्रकेही ते स्वतः रंगवीत. १९२४ च्या 'कल्याण खजिना'चे भित्तिपत्रक हे आज उपलब्ध असलेल्या भारतीय चित्रपट-भित्तिपत्रकांत सर्वांत जुने समजले जाते. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या दामले, फत्तेलाल व शांताराम यांनी १९२९ मध्ये कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी उभारण्यात पुढाकार घेतला. तुतारी फुंकणारी स्त्री हे प्रभातचे बोधचिन्ह आजही जुन्या रसिकांच्या डोळ्यांपुढे आहे. नाव न वाचताही कंपनी ओळखू यावी, असे ते चिन्ह होते.

शांताराम या मंडळींत आले तेव्हा त्यांनी विशीही ओलांडलेली नव्हती. पडेल ते काम करीत ते शिकले. म्हणजे हात चालू करण्यास वयाची अट नाही. मात्र हाताबरोबर डोळाही चालू हवा.

डोळ्याची मर्यादा

आता त्या फलकाकडे वळू. मुलाने मोजले, तेव्हा रस्त्यापलीकडचे अंतर भरले ३० मीटर आणि अक्षरांची उंची ६ सेंटीमीटर.

एक अंशाचे ६० भाग केले तर एका भागाला एक मिनिट म्हणतात. निरोगी डोळ्याला दोन बिंदू वेगळे दिसण्यासाठी त्यांच्यात सुमारे एक मिनिटाचा कोन असावा लागतो. डोळे तपासण्याच्या तक्त्यावरचे अक्षर या हिशेबानेच काढतात. त्याची उंची ५ मिनिटांचा आणि रेषेची जाडी एक मिनिटाचा कोन करते. ६ मीटरवरून वाचायच्या ओळीतले अक्षर त्यामुळे जवळजवळ ९ मिलिमीटर उंच असते. हेच प्रमाण ३० मीटरला लावले तर उंची येते सुमारे साडेचार सेंटीमीटर.

मग ६ सेंटीमीटरचे अक्षर का वाचता आले नाही? कारण साडेचार सेंटीमीटर ही मर्यादा आहे, सोय नव्हे. तक्त्यापुढे आपण स्थिर बसून, डोळे ताणून वाचतो. रस्त्यावरचा माणूस चालत असतो. शिवाय तक्त्यावरची रोमन अक्षरे साधी असतात. आपल्या देवनागरीत 'क्ष', 'ज्ञ', 'द्ध' यांसारख्या अक्षरांत तेवढ्याच उंचीत अधिक रेषा मावतात. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', 'थ' आणि 'य' यांच्यातला फरक एखाद्या लहानशा वळणाचा किंवा फटीचा असतो. वेलबुट्टीने तीच फट बुजली, तर वाचणारा अडलाच! म्हणून सुरुवातीला मर्यादेच्या तिप्पट उंची धरावी. ३० मीटरला सुमारे १३ सेंटीमीटर. ओळींमध्येही मोकळी जागा हवी, नाही तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो.

दुसरी चूक रंगांची. तांबडा आणि निळा हे रंग वेगळे खरे, पण त्या फलकावर दोन्ही सारखेच गडद होते. लांबून वाचताना डोळ्याला मुख्यतः उजळ आणि गडद यांतील फरक उपयोगी पडतो. त्या फलकाचे कृष्णधवल छायाचित्र घेतले असते, तर अक्षरे कापडात जवळजवळ विरून गेलेली दिसली असती.

करून पाहा

एकाच आकाराचे सहा कागद घ्या. प्रत्येकावर ५ सेंटीमीटर उंचीचा तोच शब्द लिहा, उदाहरणार्थ 'धरण'. दोन कागदांवर रेषा बारीक, दोघांवर मध्यम, दोघांवर जाड ठेवा. प्रत्येक जोडीतला एक कागद पांढऱ्यावर काळा, दुसरा तांबड्यावर निळा करा. ते मैदानाच्या एका टोकाला लावा. शब्द माहीत नसलेल्या मित्राला लांबून हळूहळू जवळ येऊ द्या. प्रत्येक कागदासाठी नवा मित्र घ्या, म्हणजे आठवणीने वाचण्याची फसगत होणार नाही. कोणी किती मीटरवरून वाचले, याची नोंद करा. मित्रांच्या दृष्टीतही फरक असतो, म्हणून प्रयोग अनेक जणांवर करून सरासरी काढा. हा तुमचा स्वतःचा तक्ता होईल.

लहानाचे मोठे

हाताने फलक रंगवणारे कारागीर लहान चित्रावर चौकटी आखून त्याच चौकटी कापडावर मोठ्या आखत आणि एकेक चौकट उतरवत. लांबी दहापट केली की क्षेत्रफळ शंभरपट होते; रंगाचा हिशेबही त्याचप्रमाणे वाढतो. आज हे काम संगणक आणि फ्लेक्स छापणारे यंत्र करते. पण भूमिती बदललेली नाही. समजा, तुमच्या चित्राच्या रुंदीत १२०० ठिपके आहेत. ते ४ इंचांत छापले तर इंचाला ३०० ठिपके पडतात आणि चित्र रेखीव दिसते. तेच १० फुटांवर ताणले तर इंचाला फक्त १० ठिपके उरतात. जवळून ते चौकोन चौकोन दिसेल. परंतु सुमारे ९ मीटर मागे गेलात की प्रत्येक ठिपका एक मिनिटाच्या कोनात मावतो आणि चित्र पुन्हा सलग दिसू लागते. नाटकाच्या पडद्याचे तत्त्व ते हेच, नाही का?

फ्लेक्स आल्यावर हाताने फलक रंगवणाऱ्या अनेक कारागिरांचे काम गेले. एक साधन गेले की दुसरे येते. आज शिकलेली संगणक-प्रणालीही उद्या जुनी होईल. अक्षर, अंतर, रंग आणि वाचणारा माणूस यांची जाण मात्र प्रत्येक साधनाबरोबर कामाला येते. संगणकावर मराठी वाचताना अनेकदा दिसणारा 'मंगल' हा टंक रेखाटणारे प्राध्यापक र. कृ. जोशी हे मुळात सुलेखनकार होते.

केव्हा आणि कसे?

आठवी-नववीत असाल तर वेळ हीच. शासकीय रेखाकला परीक्षा, म्हणजे एलिमेंटरी व इंटरमीजिएट, या वयासाठीच आहेत. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन यांची तयारी त्यांत होते. कंपासपेटी आणि कुंचला यांची गाठ येथे पडते. एक वही करा. त्यात लेबले, तिकिटे, निमंत्रणपत्रिका चिकटवा आणि प्रत्येकाखाली काय कळले व काय कळले नाही ते लिहा. शाळेचा सुविचाराचा फळा आठवडाभर मागून घ्या. दुसऱ्याचे चित्र सरावासाठी जरूर उतरवा, पण आपले म्हणून देऊ नका. शाळेत संगणक असेल तर इंकस्केप व गिंप या विनामूल्य प्रणालींवर हात बसवता येईल. महागडा क्लास लावलाच पाहिजे असे नाही.

बारावीनंतर, कोणत्याही शाखेतून, प्रवेशपरीक्षा देऊन उपयोजित कलेच्या चार वर्षांच्या पदवीला जाता येते. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत हा विभाग १९३५ मध्ये सुरू झाला आणि १९६१ मध्ये त्याची स्वतंत्र संस्था झाली. कोल्हापुरात दळवीज आर्ट इन्स्टिट्यूट व कलानिकेतन या कलाशिक्षणाच्या परिचित संस्था आहेत. अहमदाबादची राष्ट्रीय संकल्पन संस्था आणि मुंबईच्या आयआयटीतील आयडीसी स्कूल ऑफ डिझाइन येथेही हे शिक्षण मिळते. प्रवेशाचे नियम बदलत असतात. ते शिक्षकांच्या मदतीने त्या त्या वर्षी पाहून घ्यावेत.

"चित्रं काढून पोट भरेल का?" असे घरी विचारले जाईल. चिडू नका, तो प्रश्न काळजीचा असतो. तुमची वही पुढे ठेवा. एखाद्या दुकानाची पाटी पूर्वी किती अंतरावरून वाचता येत होती आणि तुमच्या आराखड्याने किती अंतरावरून येते, हे मोजून दाखवा. ही केवळ हौस नसून कोणाच्या तरी उपयोगाचे काम आहे, हे त्यातून त्यांना दिसेल.

त्या मुलाने पुढच्या वर्षीचा फलकही स्वतःच रंगवला. पिवळ्यावर काळी, ठसठशीत, बिनवेलबुट्टीची अक्षरे. वर्गात कोणी फारशी वाहवा केली नाही. तो मात्र सकाळीच रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहिला होता. त्या दिवशी शिपायाला वाट विचारायला कोणी आले नाही.