आखाची चकाकी : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भातील मुले लाकडी नंदी दोरीने ओढीत तान्हा पोळा साजरा करतात, आणि नागपूरकर भोसल्यांपैकी दुसऱ्या रघुजींनी १८०६ साली ही प्रथा सुरू केली असे परंपरेने सांगितले जाते. परंतु त्या नंदीच्या शिंगांचे, झुलीचे आणि रंगविलेल्या डोळ्यांचे कौतुक करणाऱ्या मंडळींपैकी क्वचितच कोणी वाकून त्याच्या चाकांतून गेलेल्या लोखंडी दांडीकडे पाहतो. तेथे फैसला रूपाचा असतो, वेगाचा नव्हे. सबब दांडी खरखरीत असली, चाक कुरकुरत फिरले, तरी कोणाची तक्रार नसते.

याच कुळीतले, पण ज्याची सारी मदार वेगावर आहे असे एक खेळणे अमेरिकेत जन्मास आले. कॅलिफोर्नियातील मॅनहॅटन बीच येथील डॉन मर्फी यांच्या मुलाला त्याचे वय कमी असल्यामुळे मोठ्या मुलांच्या उतारगाड्यांच्या शर्यतीत उतरता येईना, म्हणून मर्फींनी पाइनच्या लाकडी ठोकळ्याची वीतभर लांबीची गाडी आणि उतरता लाकडी मार्ग यांची योजना केली, आणि १५ मे १९५३ रोजी कब स्काउटांच्या पथकात पहिली ‘पाइनवुड डर्बी’ पार पडली. गाडीला यंत्र नाही, वजन सर्वसाधारणपणे पाच औंसांच्या, म्हणजे सुमारे १४२ ग्रॅमांच्या आत, चाके प्लास्टिकची, आणि आख म्हणजे लाकडात ठोकलेले चार खिळे. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी घरांतील मुलेही या शर्यतीत उतरतात, आणि मग लोणारला बसलेल्या आजोबांकडे दूरध्वनीवरून विचारणा येते, “आजोबा, खिळा आरशासारखा चकाकला की झालं ना?” आजोबा ही विचारणा गावातल्या फिटरकडे नेतात, आणि तो हातातले काम न सोडता म्हणतो, “भाऊ, चकाकलं म्हणून गुयगुयीत झालं, असं कुठी असते काय?”

या एका वऱ्हाडी वाक्यात पहिल्या गैरसमजाचा निकाल लागला आहे. एखादा पृष्ठभाग चकाकतो याचा अर्थ इतकाच, की त्यावरील ओरखडे प्रकाशाच्या तरंगलांबीच्या, म्हणजे सुमारे अर्ध्या मायक्रॉनच्या मानाने लहान झाले आहेत. त्याच खिळ्याला डोक्याशी एखादा उंचवटा शिल्लक असला तर चकाकी त्याची वर्दी देत नाही, उलट त्याला झाकते. असा उंचवटा असतोच. खिळा तयार करताना तार दोन साच्यांच्या जबड्यांत घट्ट धरून तिचे टोक ठोकून डोके घडवितात, आणि त्या जबड्यांच्या सांध्याशी, डोक्याच्या अगदी खाली, धातूच्या दोन बारीक धारा उभ्या राहतात. नेमक्या याच जागी चाकाचा तुंबा घासतो. खिळा बोटांत धरून डोक्याखालून नख फिरवावे, म्हणजे ते अडखळते; कापसाचा बोळा फिरवावा, तर त्याचे तंतू धारेला अडकून राहतात. या धारा आधी बारीक कानशीने उतरवल्याखेरीज पॉलिशचा डबा उघडूच नये. न उतरवलेल्या धारेवर पॉलिश चढविणे म्हणजे मोडलेल्या दाराला रोगण देणे होय.

दुसरा गैरसमज फिरत्या यंत्राविषयीचा आहे. सोनार दागिने उजळण्यासाठी ज्या जातीची मोटर वापरतो, त्याच जातीची हातात मावणारी यंत्रे आता सर्वत्र मिळतात, आणि त्यांचा वेग मिनिटाला तीस हजार फेऱ्यांच्या पुढे जातो. सबब वेग जितका अधिक तितके काम उत्तम, अशी समजूत होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः सव्वादोन मिलिमीटर जाडीचा लांब खिळा यंत्राच्या जबड्यात एका टोकाला धरून तीस हजार फेऱ्यांनी फिरवला, तर तो केसभर जरी मध्यापासून ढळलेला असला, तरी त्याचे मोकळे टोक थरथरू लागते, कागद एका बाजूला अधिक घासला जातो, आणि गोल आख अंडाकृती किंवा वाकडा होऊन बसतो; शिवाय घर्षणाच्या उष्णतेने कागदाचा खर सुटतो, तो निराळाच. शहाणा कारागीर यंत्र सर्वांत मंद वेगावर ठेवतो, किंवा साधे ड्रिल वापरतो. खिळा तो टोकाकडून धरतो, कारण जबड्याचे व्रण पडायचेच तर ते लाकडात गाडल्या जाणाऱ्या भागावर पडावेत. पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरची अरुंद पट्टी तो हलक्या हाताने आखावर धरतो. आणि डोळ्यांना चष्मा लावणे त्याला कमीपणाचे वाटत नाही.

पट्ट्यांच्या क्रमाविषयी मात्र कारागिरांतही आळस दिसतो. चारशे नंबरच्या कागदावरून एकदम दोन हजारावर उडी मारली, तर बारीक कागद ओरखड्यांच्या माथ्यांवर चमक आणतो आणि दऱ्या तशाच राहतात. प्रत्येक कागदाचे काम एकच : आधीच्या कागदाने पाडलेले ओरखडे पूर्णपणे नाहीसे करणे. म्हणून चारशे, सहाशे, हजार, दीड हजार, दोन हजार, असा जाबता पाळावा लागतो.

या शिस्तीची थोरवी लोणारकरांनी तरी विसरू नये. आपले सरोवर ज्वालामुखीचे मुख आहे हा समज दीर्घकाळ प्रचलित होता. स्मिथसोनियन संस्थेचे कर्ट फ्रेडरिकसन आणि त्यांचे सहकारी यांनी १९७३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात येथील बेसाल्टमध्ये मॅस्केलिनाइट, म्हणजे प्रचंड आघाताने काचरूप झालेले फेल्डस्पार, सापडल्याचे प्रसिद्ध केले, तेव्हा अशनिपाताचा पक्ष बळकट झाला. अशा परीक्षेसाठी खडकाचा काप काचेवर चिकटवून क्रमाक्रमाने बारीक होत जाणाऱ्या भुकटीने सुमारे ०.०३ मिलिमीटर जाडीपर्यंत घासावा लागतो, म्हणजे काळाकुट्ट बेसाल्टही प्रकाश आरपार जाऊ देतो. आणि त्या घासण्यात एक पायरी गाळली, तर सूक्ष्मदर्शकाखाली खडकाच्या खुणा कोणत्या आणि आपण पाडलेले ओरखडे कोणते, याची खातरजमा होत नाही. सुमारे १.८ किलोमीटर रुंदीच्या विवराचा फैसला होण्याला अशा कापांचा पुरावा लागला.

यापुढचा मुद्दा बहुतेकांना विपरीत वाटेल. पॉलिशची लुकण खिळ्यावर किंचित राहिली तर हरकत नाही, लोखंड कठीण असल्यामुळे त्याला काय होणार, असे म्हणतात. पण कठीण कण दोन पदार्थांच्या मध्ये सापडले म्हणजे ते मऊ पदार्थात रुतून बसतात आणि कठीण पदार्थाला घासू लागतात. कारखान्यांत लॅपिंगची सारी क्रिया याच तत्त्वावर चालते. मऊ प्लास्टिकच्या तुंब्यात लुकणीचे कण रुतले की ते चाक फिरती सहाण बनते, आणि मुलाने संध्याकाळभर खपून उजळलेला आख तेच चाक शर्यतीत खरवडून काढते. म्हणून खिळा स्पिरिटने धुऊन, कोऱ्या सुती कापडाने पुसून, मगच चाकात घालावा.

वंगणाविषयी आपल्याकडील अनुभव फसवा ठरतो. बैलगाडीखाली लोंबणारे वंगणाचे नळकांडे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना वाटते की जितके चिकट आणि मुबलक वंगण तितके चाक हलके. गाडीच्या आखावर मणांचा भार असतो, तेथे ते खरेच आहे. परंतु या खेळण्यातील एकेका चाकावर सरासरी छत्तीस ग्रॅमांपेक्षा अधिक भार येत नाही, आणि इतक्या अल्प भाराला चिकट तेलाचा स्वतःचाच ओढा घर्षणापेक्षा भारी पडतो. त्यातून तेल धूळ गोळा करते. म्हणून येथे ग्रॅफाइटची कोरडी पूड वापरतात. तीही पेन्सिल खरवडून काढू नये, कारण पेन्सिलीत ग्रॅफाइटबरोबर चिकणमाती भाजलेली असते, आणि माती घासते. ग्रॅफाइटच्या थरांचे सरकणे हवेतील बाष्पावर अवलंबून असते. दुसऱ्या महायुद्धात अतिउंचावर उडणाऱ्या विमानांतील विद्युत्-जनित्रांचे कार्बन-ब्रश तासाभरातच झिजू लागले, तेव्हा हे ध्यानात आले. लोणारच्या वैशाखातही हवेत त्यापुरते बाष्प असते, तेव्हा ती चिंता नको.

आता या सर्व खटाटोपाचे मोल किती, हेही सांगितले पाहिजे, कारण पॉलिशनेच शर्यत जिंकतात हा गैरसमज पॉलिशवाल्यांनीच पसरवला आहे. चाकाची त्रिज्या सुमारे पंधरा मिलिमीटर आणि आखाची सव्वा मिलिमीटरहूनही कमी, त्यामुळे आखावरचे घर्षण चाकाच्या कडेपाशी तेराएक पटींनी आपोआपच घटून येते. चाकाच्या शोधाचे सारे रहस्य यातच आहे. चार फूट उंचीवरून सुटून दहा मीटर धावणाऱ्या गाडीचा ढोबळ हिशेब मांडला, तर ओबडधोबड, कोरड्या आखापायी तिच्या ऊर्जेचा सुमारे पाचवा हिस्सा खर्ची पडतो, आणि नीट घासून ग्रॅफाइट लावलेल्या आखापायी पंधराव्या हिश्शाच्या आसपास. हा फरक थोडा नव्हे. मात्र सहाशे नंबरवर थांबलेला स्वच्छ आख आणि तीन हजारावर नेलेला आरसपानी आख यांच्यातील फरक त्या मानाने नगण्य आहे. आणि आख किंचित तिरपा ठोकला गेल्यामुळे गाडी मार्गाच्या मधल्या पट्टीला घासत चालली, तर त्या घासण्यात एका क्षणात जे जाते ते कोणतेही पॉलिश भरून देत नाही. गाडी सपाट फळीवर सोडून ती पाच-सहा फुटांत किती डावी-उजवी वळते ते पाहावे, खिळा पक्कडीने अंशमात्र फिरवावा, पुन्हा सोडावी. यंत्र फिरविण्यात गेलेल्या वेळाच्या निम्मा वेळ जरी या कामी लावला, तरी गाडीचे अधिक भले होते.