टॅबलेटवरील वाय-फाय जोडणी

टॅबलेटवरील वाय-फाय जोडणी म्हणजे टॅबलेट संगणक रेडिओ लहरींच्या साहाय्याने स्थानिक बिनतारी जाळ्याशी आणि त्यामार्फत इंटरनेटशी जोडण्याची प्रक्रिया होय. बहुतेक टॅबलेटना तारेने जोडणीसाठी वेगळी खाच नसते आणि स्वस्त प्रतिकृतींमध्ये सिमकार्डाची सोयही नसते. त्यामुळे अशा टॅबलेटसाठी वाय-फाय हाच इंटरनेटचा मुख्य मार्ग असतो. हा मार्ग बंद पडला की अभ्यासाचे व्हिडिओ, परीक्षेचे ऑनलाइन अर्ज, ई-मेल आणि दूरस्थ वर्ग ही सर्व कामे थांबतात. जोडणी ठरावीक टप्प्यांनी होते. बिघाड कोणत्या टप्प्यावर आहे हे ओळखता आले, तर बहुतेक अडचणी दुरुस्तीच्या दुकानात न जाता सोडवता येतात.

पार्श्वभूमी

बिनतारी स्थानिक जाळ्यांचे ८०२.११ हे मूळ मानक आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने १९९७ मध्ये प्रसिद्ध केले. निरनिराळ्या कंपन्यांची उपकरणे एकमेकांशी जुळावीत यासाठी १९९९ मध्ये उत्पादकांची एक संघटना स्थापन झाली. तीच पुढे वाय-फाय अलायन्स या नावाने ओळखली जाऊ लागली. मूळ मानकात नंतर अनेक सुधारणा झाल्या. २००९ मधील ८०२.११एन, २०१३ मधील ८०२.११एसी आणि २०२१ मधील ८०२.११एएक्स या सुधारणांना आता अनुक्रमे वाय-फाय ४, वाय-फाय ५ आणि वाय-फाय ६ अशी सुटसुटीत नावे आहेत. ही क्रमांकाची पद्धत २०१८ मध्ये जाहीर करण्यात आली.

अ‍ॅपल कंपनीचा पहिला आयपॅड एप्रिल २०१० मध्ये बाजारात आला आणि टॅबलेटचा प्रसार वेगाने झाला. भारतात विद्यार्थ्यांसाठीचा स्वस्त टॅबलेट म्हणून 'आकाश' हा टॅबलेट ५ ऑक्टोबर २०११ रोजी नवी दिल्ली येथे सादर करण्यात आला. सात इंची पडद्याच्या या टॅबलेटमध्ये इंटरनेटसाठी वाय-फाय देण्यात आले होते. या प्रकल्पाच्या पुढील टप्प्याचे, म्हणजे 'आकाश २'चे, काम मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेकडे होते.

वारंवारता आणि चॅनेल

वाय-फायसाठी प्रामुख्याने २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ हे दोन वारंवारता पट्टे वापरले जातात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतींतून तुलनेने चांगल्या पार होतात आणि दूरवर पोहोचतात. मात्र हा पट्टा अरुंद आहे. ब्लूटूथ उपकरणेही तोच वापरतात आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात चालतो. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात जागा अधिक आणि गर्दी कमी असल्याने गती जास्त मिळते, परंतु जाड भिंती व काँक्रीटचे स्लॅब यांमुळे संकेत लवकर क्षीण होतो. भारतात ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील मोठा भाग २०१८ मध्ये परवानामुक्त करण्यात आला.

प्रत्येक पट्टा चॅनेलांमध्ये विभागलेला असतो. २.४ गिगाहर्ट्झमध्ये शेजारच्या चॅनेलांची व्याप्ती एकमेकांवर चढते. एकमेकांना न छेदणारे चॅनेल म्हणून सर्वसाधारणपणे १, ६ आणि ११ हे तीनच वापरले जातात. गृहसंकुलात एकाच मजल्यावर अनेक राउटर असल्यास या तीन चॅनेलांवरच सर्वांची दाटी होते.

सर्वच टॅबलेट दोन्ही पट्टे वापरू शकत नाहीत. उदाहरणार्थ, २०१२ मधील पहिला नेक्सस ७ हा टॅबलेट केवळ २.४ गिगाहर्ट्झवर चालत असे. अशा टॅबलेटला ५ गिगाहर्ट्झचे जाळे यादीत दिसतच नाही. हा बिघाड नसून उपकरणाची मर्यादा असते.

जोडणीचे टप्पे

टॅबलेटच्या सेटिंग्जमध्ये वाय-फाय सुरू केल्यावर परिसरातील जाळ्यांची यादी दिसते. त्यातील योग्य नाव निवडून पासवर्ड दिला की जोडणी पूर्ण होते. वापरणाऱ्याला ही एकच कृती वाटत असली, तरी पडद्यामागे पुढील पाच टप्पे क्रमाने पार पडतात.

१. शोध : राउटर आपले नाव ठरावीक अंतराने प्रसारित करतो व टॅबलेट ते टिपतो. नाव लपवलेले असल्यास ते अचूक टंकून जाळे स्वतः जोडावे लागते. इंग्रजी नावातील लहान व मोठ्या लिपीतील अक्षरे वेगळी मानली जातात.

२. ओळख पटवणे : टॅबलेट व राउटर पासवर्डाच्या आधारे सांकेतिक देवाणघेवाण करतात. या देवाणघेवाणीत प्रत्यक्ष पासवर्ड हवेतून पाठवला जात नाही.

३. पत्ता मिळणे : राउटर डीएचसीपी या पद्धतीने टॅबलेटला आयपी पत्ता ठरावीक मुदतीसाठी देतो. घरगुती जाळ्यांत हा पत्ता बहुधा १९२.१६८ या अंकांनी सुरू होतो.

४. नावाचे रूपांतर : संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता शोधण्याचे काम डीएनएस ही व्यवस्था करते.

५. सुरक्षित संपर्क : ब्राउझर किंवा अ‍ॅप संकेतस्थळाचे प्रमाणपत्र तपासते आणि त्यानंतरच माहितीची देवाणघेवाण सुरू होते.

सुरक्षा पद्धती

वाय-फायच्या मूळ मानकातील डब्ल्यूईपी ही सांकेतीकरण पद्धत २००१ मध्ये सदोष असल्याचे सिद्ध झाले. तिच्या जागी २००३ मध्ये डब्ल्यूपीए, २००४ मध्ये डब्ल्यूपीए२ आणि २०१८ मध्ये डब्ल्यूपीए३ या पद्धती आल्या. डब्ल्यूपीए२ मधील 'क्रॅक' नावाने ओळखली जाणारी त्रुटी बेल्जियममधील संशोधकांनी ऑक्टोबर २०१७ मध्ये उघड केली. त्यानंतर उत्पादकांनी ती दूर करणारी अद्ययावते दिली. ज्या टॅबलेटना ही अद्ययावते मिळाली नाहीत, त्यांच्यात ती त्रुटी कायम राहते.

घरगुती जाळ्यासाठी डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ निवडणे योग्य समजले जाते. पासवर्ड किमान ८ अक्षरांचा असणे बंधनकारक असते, तथापि याहून लांब आणि तर्काने न ओळखता येणारा पासवर्ड अधिक सुरक्षित ठरतो. राउटरच्या व्यवस्थापनाचा पासवर्ड वेगळा असतो. तो कारखान्यातून आलेला तसाच ठेवल्यास जाळ्यातील कोणीही सेटिंग्ज बदलू शकतो.

बिघाडांचे निदान

निदानाची पहिली पायरी म्हणजे तेच जाळे दुसऱ्या उपकरणावर वापरून पाहणे. मोबाइल फोनवरही इंटरनेट चालत नसेल, तर दोष राउटरमध्ये किंवा सेवा पुरवठादाराच्या वाहिनीत असण्याची शक्यता अधिक असते. फोनवर चालत असून टॅबलेटवर चालत नसेल, तर लक्ष टॅबलेटकडे वळवावे लागते. ही तपासणी करताना फोनचा मोबाइल डेटा बंद ठेवणे आवश्यक असते, अन्यथा फोन त्यावरून चालेल आणि निष्कर्ष चुकेल. उलट तपासणीसाठी टॅबलेट फोनच्या हॉटस्पॉटला जोडून पाहता येतो. हॉटस्पॉटवर टॅबलेट व्यवस्थित चालल्यास त्याचा वाय-फाय भाग शाबूत आहे असे समजते.

जाळे यादीत न दिसणे : टॅबलेट विमान मोडमध्ये नाही ना, हे प्रथम पाहिले जाते. वीज जाऊन परत आली असल्यास राउटरला पूर्ववत सुरू होण्यास काही मिनिटे लागतात. जाळे केवळ ५ गिगाहर्ट्झवर असल्यास जुन्या टॅबलेटसाठी राउटरवर २.४ गिगाहर्ट्झचे जाळेही सुरू करावे लागते. राउटर चॅनेल १२ किंवा १३ वर असल्यास अमेरिकी बाजारासाठी बनवलेल्या काही टॅबलेटना तो दिसत नाही, कारण तेथे हे चॅनेल सहसा वापरले जात नाहीत. परदेशातून नातेवाइकांनी आणलेल्या टॅबलेटबाबत ही शक्यता ध्यानात घ्यावी लागते.

पासवर्ड नाकारला जाणे : टंकलेखनातील चूक हे याचे नेहमीचे कारण होय. टॅबलेटचा कळफलक पहिले अक्षर आपोआप मोठ्या लिपीत करू शकतो किंवा मराठी कळफलक निवडलेला असल्यास अंक देवनागरीत उमटू शकतात. पासवर्ड दिसेल असा पर्याय निवडून ही चूक पकडता येते. राउटरचा पासवर्ड बदलल्यानंतर टॅबलेट जुनाच जतन केलेला पासवर्ड वापरत राहतो. अशा वेळी ते जाळे 'विसरा' हा पर्याय वापरून काढून टाकावे आणि नव्याने जोडावे. पासवर्ड अचूक असूनही जोडणी होत नसेल, तर राउटर केवळ डब्ल्यूपीए३ वर ठेवलेला असू शकतो. जुन्या टॅबलेटना ती पद्धत समजत नाही. राउटरवर डब्ल्यूपीए२ व डब्ल्यूपीए३ यांचा मिश्र पर्याय निवडल्यास अडचण दूर होते.

पत्ता न मिळणे : टॅबलेट 'पत्ता मिळवत आहे' या अवस्थेत अडकतो किंवा त्याला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसतो. राउटरकडून उत्तर न आल्याने उपकरणाने स्वतःच घेतलेला हा पत्ता असतो आणि त्यावरून इंटरनेट चालत नाही. राउटर व टॅबलेट बंद करून पुन्हा सुरू केल्याने हा दोष बहुधा जातो. पूर्वी कधी हाताने कायमस्वरूपी पत्ता भरलेला असल्यास तो काढून स्वयंचलित पर्याय निवडावा लागतो. दोन उपकरणांना एकच पत्ता लाभला तरी दोघांची जोडणी बिघडते. २०१० मध्ये अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाने आपल्या जाळ्यावरील काही आयपॅड मुदत संपल्यानंतरही जुनाच पत्ता वापरत असल्याची नोंद प्रसिद्ध केली होती. तो याच प्रकारचा दोष होता.

ठरावीक उपकरणांनाच प्रवेश देणाऱ्या जाळ्यांवर आणखी एक कारण संभवते. अशी जाळी प्रत्येक उपकरणाच्या मॅक पत्त्याची यादी ठेवतात. अँड्रॉइड १० आणि आयपॅडओएस १४ यांपासून टॅबलेट खासगीपणासाठी खरा मॅक पत्ता न देता प्रत्येक जाळ्याला वेगळा, यादृच्छिक पत्ता दाखवतात. परिणामी नोंदणी केलेला टॅबलेटही महाविद्यालयाच्या किंवा कार्यालयाच्या जाळ्याला अनोळखी वाटतो. त्या विशिष्ट जाळ्यापुरता खासगी पत्त्याचा पर्याय बंद केल्यास प्रवेश मिळतो.

जोडणी असूनही इंटरनेट न चालणे : वाय-फायचे चिन्ह केवळ राउटरपर्यंतची जोडणी दर्शवते. राउटरपासून पुढे इंटरनेट उपलब्ध आहे, याची हमी ते देत नाही. काही अ‍ॅप चालतात, पण संकेतस्थळे उघडत नाहीत, असे आढळल्यास डीएनएस व्यवस्थेतील दोषाची शंका घेतली जाते. चालू असलेले व्हीपीएन बंद करून पाहणेही उपयुक्त ठरते.

टॅबलेटवरील दिनांक व वेळ चुकीची असणे हे सहज नजरेतून सुटणारे कारण आहे. बरेच दिवस पडून राहिलेल्या व बॅटरी पूर्ण संपलेल्या टॅबलेटमध्ये घड्याळ मागे जाते. त्यामुळे संकेतस्थळांची प्रमाणपत्रे त्याला अवैध वाटतात आणि सुरक्षिततेचा इशारा दिसतो. वेळ दुरुस्त केल्यावर संकेतस्थळे पूर्ववत उघडतात.

मंद गती व वारंवार तुटणारी जोडणी : राउटर जमिनीवर, लोखंडी कपाटात किंवा दूरदर्शन संचाच्या मागे ठेवल्यास संकेत अडतो. तो घराच्या मध्यभागी व उंचावर ठेवणे इष्ट असते. टॅबलेटचे धातूचे आवरणही संकेत कमी करते. ५ गिगाहर्ट्झमधील काही चॅनेल रडार यंत्रणाही वापरतात. रडारचा संकेत आढळल्यास राउटरला चॅनेल सोडावा लागतो आणि त्या वेळी जोडणी क्षणभर तुटते. पडदा बंद झाल्यावरच जोडणी जात असेल, तर बॅटरी बचतीचे पर्याय तपासले जातात.

सेटिंग्ज मूळ स्थितीत आणणे

वरील उपाय निष्फळ ठरल्यास केवळ नेटवर्कची सेटिंग्ज मूळ स्थितीत आणण्याचा पर्याय वापरला जातो. त्याने जतन केलेली सर्व जाळी व त्यांचे पासवर्ड पुसले जातात, मात्र छायाचित्रे, कागदपत्रे आणि अ‍ॅप सुरक्षित राहतात. संपूर्ण टॅबलेट मूळ स्थितीत आणणे ही याहून वेगळी कृती असून तीत वापरकर्त्याची सर्व माहिती नष्ट होते. या दोन पर्यायांची गल्लत झाल्यास वर्षभराच्या टिपणांची हानी होऊ शकते. म्हणून निवडीपूर्वी पडद्यावरील सूचना वाचणे आणि महत्त्वाच्या माहितीची प्रत दुसरीकडे ठेवणे आवश्यक आहे. राउटरच्या मागील बारीक छिद्रातील कळ काही सेकंद दाबून धरल्यास राउटरची सेटिंग्जही पुसली जातात आणि सेवा पुरवठादाराने भरलेली माहिती पुन्हा भरावी लागते.

जुन्या टॅबलेटची मर्यादा

उत्पादकाने अद्ययावते थांबवल्यानंतर टॅबलेटचे वाय-फाय चालू राहते, पण इंटरनेटचा उपयोग हळूहळू घटतो. पहिल्या आयपॅडला आयओएस ५.१.१ च्या पुढील आवृत्ती मिळाली नाही. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची प्रमाणपत्रे ज्यावर विसंबून होती, ते एक जुने मूळ प्रमाणपत्र ३० सप्टेंबर २०२१ रोजी कालबाह्य झाले. तेव्हापासून आयओएस १० पूर्वीच्या आवृत्त्यांवर अनेक संकेतस्थळांचे प्रमाणपत्र ग्राह्य धरले जात नाही. अशा टॅबलेटमध्ये जोडणी निर्दोष असूनही संकेतस्थळे उघडत नाहीत. राउटर बदलून किंवा दुरुस्तीवर खर्च करून हा प्रश्न सुटत नाही. असा टॅबलेट आधी साठवलेली पुस्तके वाचण्यासाठी व चित्रफिती पाहण्यासाठी वापरता येतो. बँकेचे व्यवहार मात्र त्यावर करू नयेत.

सार्वजनिक वाय-फाय

भारतात रेल्वे स्थानकांवरील मोफत वाय-फाय सेवेचा प्रारंभ जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकापासून झाला. ही सेवा रेलटेल व गूगल यांनी सुरू केली होती. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 'पीएम-वाणी' या सार्वजनिक वाय-फाय योजनेस मान्यता दिली. या योजनेत लहान दुकानदारांनाही परवान्याशिवाय वाय-फाय सेवा देता येते.

सार्वजनिक जाळ्याला जोडल्यावर बहुधा प्रथम एक प्रवेशपृष्ठ उघडते. त्यावर मोबाइल क्रमांक देऊन फोनवर आलेला एकवेळचा पासवर्ड भरावा लागतो. सिमकार्ड नसलेल्या टॅबलेटसाठी त्यामुळे फोन जवळ असणे आवश्यक ठरते. प्रवेशपृष्ठ आपोआप न उघडल्यास जाळे विसरून पुन्हा जोडल्याने ते बहुधा दिसते. पासवर्ड नसलेल्या खुल्या जाळ्यावर हवेतील माहिती सांकेतिक नसण्याची शक्यता असते. तसेच ओळखीच्या नावाचे बनावट जाळे उभारणेही सोपे असते. या कारणांमुळे अशा ठिकाणी आर्थिक व्यवहार टाळणे, प्रमाणपत्राविषयीचे इशारे दुर्लक्षित न करणे आणि काम झाल्यावर ते जाळे टॅबलेटच्या यादीतून काढून टाकणे हितावह मानले जाते.