कळसाविना राहिलेले काम

भारतातून आई-वडील किंवा काका-काकू आले की आपल्यापैकी बहुतेकांची वॉशिंग्टनची एक वारी ठरलेलीच असते. व्हाइट हाउसच्या कुंपणापाशी फोटो होतात, आणि हे घर जेम्स होबन नावाच्या आयरिश माणसाने बांधले, अशी माहितीही कोणीतरी पुरवते. पण या होबनला नकाशे काढायला शिकवले कोणी? त्या मास्तरांचे नाव थॉमस आयव्हरी. वास्तुकलेच्या मोठ्या इतिहासात त्यांना फार तर चार ओळी मिळतात. त्या चार ओळींच्या मागे काय होते, ते पाहण्यासारखे आहे.

ब्रिटनच्या गादीवर 1714 ते 1830 या काळात एकामागून एक चार जॉर्ज बसले, म्हणून त्या काळाला आणि त्या काळच्या बांधकामाला ‘जॉर्जियन’ म्हणतात. डब्लिन तेव्हा भरभराटीला आले होते. रुंद रस्ते, चौक, विटांच्या एकसारख्या घरांच्या रांगा आणि दगडी खांबांच्या सार्वजनिक इमारती उभ्या राहत होत्या. काम भरपूर होते. पण मोठ्या कामांचा मान बहुधा इंग्लंडकडे जाई. डब्लिनच्या व्यापाऱ्यांनी रॉयल एक्स्चेंजच्या इमारतीसाठी स्पर्धा जाहीर केली, तिचा निकाल 1769 साली लागला. पहिली तिन्ही बक्षिसे कूली, गँडन आणि सँडबी या तीन इंग्रजांनी नेली. स्थानिक माणसाची पंचाईत कुठे होती, हे त्यावरून कळते.

आयव्हरी हे असेच स्थानिक. ते मूळचे कॉर्कचे आणि पेशाने सुतार. त्या काळी आर्किटेक्ट हा आजच्यासारखा पदवी घेऊन करायचा व्यवसाय नव्हता. कोणी सुतारकामातून वर येई, कोणी गवंडीकामातून. वर येण्याची शिडी म्हणजे रेखाटन. हात कितीही कुशल असला, तरी कारागीर आपल्यापुरतेच काम करतो. ज्याला इमारतीचा तळनकाशा, दर्शनी बाजू आणि उभा छेद कागदावर मापात उतरवता येतो, तो मात्र न बांधलेली इमारत आधी पाहू शकतो आणि शंभर जणांकडून ती बांधून घेऊ शकतो. मजूर आणि आर्किटेक्ट यांच्यामध्ये हा कागद असतो.

आणि हा कागद डब्लिनमध्ये फुकट शिकायला मिळत असे. 1731 साली स्थापन झालेल्या डब्लिन सोसायटीने चित्रकलेच्या विनामूल्य शाळा चालवल्या होत्या. त्यांत 1764 साली वास्तुरेखाटनाची शाळा निघाली आणि तिचे मास्तर म्हणून आयव्हरींची नेमणूक झाली. सुतार, गवंडी, गिलावा करणारे अशांकडे उमेदवारी करणारी मुले तिथे येत. मरेपर्यंत, म्हणजे बावीस वर्षे, आयव्हरींनी ही शाळा चालवली.

त्यांची स्वतःची बांधकामे मोजकीच. कार्टन या जहागिरीत एक पूल, लिस्मोर गावी ब्लॅकवॉटर नदीवर दुसरा, आणि डब्लिन किल्ल्यासमोर 1781 सालची न्यूकोमेन बँकेची देखणी दगडी इमारत. सर्वांत मोठे काम मिळाले ते ब्लू कोट स्कूलचे. गरीब मुलांसाठीची ही जुनी शाळा. मुलांच्या निळ्या कोटांवरून तिला हे नाव पडले. 1773 साली नव्या इमारतीचा पाया घातला गेला. आयव्हरींच्या आराखड्यात मधोमध उंच मनोरा होता. पण पैसा आटत गेला. एकेक भाग गाळला गेला, मनोरा अर्ध्यावर थांबला. अखेर 1780 साली आयव्हरींनी राजीनामा दिला आणि उरलेले काम दुसऱ्याने उरकले. त्या थोटक्या मनोऱ्यावर शंभरहून अधिक वर्षांनी, 1894 साली, एक छोटा घुमट चढवला गेला. तोही दुसऱ्याच्या आराखड्याचा. शाळा पुढे शहराबाहेर गेली. 1978 पासून त्या इमारतीत आयर्लंडच्या लॉ सोसायटीचे कार्यालय आहे.

मात्र त्याच 1780 साली आणखी दोन गोष्टी घडल्या. पूल आणि कॅश या आयव्हरींच्या शाळेतल्या दोघा तरुणांनी डब्लिनच्या सार्वजनिक इमारतींच्या चित्रांचे पुस्तक काढले. आणि किल्केनीच्या एका कुळाचा मुलगा, सुतारकाम शिकलेला जेम्स होबन, याला जिने, छपरे आणि ब्रॅकेट यांच्या रेखाटनासाठी सोसायटीचे पदक मिळाले. डिसेंबर 1786 मध्ये आयव्हरी वारले. त्यांच्या जागी आलेला हेन्री आरन बेकरही त्याच शाळेत शिकलेला होता.

होबन तोवर अमेरिकेत पोचला होता. 1785 साली तो फिलाडेल्फियात होता, नंतर चार्ल्स्टनला गेला. तिथे 1790 साली त्याने भागीदारासह वर्तमानपत्रात जाहिरात दिली: तरुणांना वास्तुकला शिकवण्यासाठी संध्याकाळची शाळा उघडत आहोत. नव्या मुलखात बस्तान बसवायची धडपड चालू असताना त्याला हे सुचले! दोनच वर्षांनी राष्ट्राध्यक्षांच्या निवासाची स्पर्धा त्याने जिंकली. डब्लिनचे लीन्स्टर हाउस त्याच्या आराखड्यात स्पष्ट दिसते. 1814 साली ब्रिटिशांनी ते घर जाळले, तेव्हा ते पुन्हा उभे करण्याचे कामही त्याच्याचकडे आले.

इथे एक गोष्ट झाकून चालणार नाही. ते घर बांधणाऱ्यांत गुलाम होते. त्यांतले काही सुतार खुद्द होबनच्या मालकीचे होते, आणि त्यांची मजुरी मालकाच्या खिशात जाई. फुकट शिक्षणाच्या आधाराने वर चढलेल्या माणसाने इतरांची शिडी अशी काढून घ्यावी, हे आयव्हरींच्या शाळेचे फळ खासच नव्हे.

तरीही आयव्हरींच्या कारकिर्दीचा हिशेब इमारतींपुरता मांडला तर तो तोट्यातच दिसेल. त्यांचे खरे बांधकाम त्या बावीस वर्षांतल्या पोरांच्या हातांत होते. ते काम कागदावरचे होते, म्हणून पैशांवाचून अडले नाही. आणि मास्तर गेल्यावरही थांबले नाही.