आठवड्याचे तास : शाळेतले आणि इस्पितळातले

10 जून 1890 रोजी मुंबईच्या गिरणी-कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. नारायण मेघाजी लोखंडे यांना त्यासाठी कित्येक वर्षे झगडावे लागले होते. भोंगा झाला की काम सुरू, भोंगा झाला की काम बंद; गिरणीतले तास मोजणे त्यामुळे सोपे होते. शाळेत आणि इस्पितळात हा भोंगा नाही. म्हणून या सेवांत आठवड्याला सरासरी अमुक तास काम होते असे विधान वाचले, की ते तास कसे मोजले हे आम्ही प्रथम पाहतो.

1962 साली श्रम-संख्याशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने याची व्याख्या ठरविली. प्रत्यक्ष केलेले काम तर मोजावयाचेच, पण कामाच्या जागी वाट पाहत थांबलेला वेळही मोजावयाचा. जेवणाची सुट्टी, रजा आणि घरून येण्याजाण्याचा वेळ मात्र सोडावयाचा. तेव्हा पाहणी मे महिन्यात केली तर शिक्षकाचे तास शून्याकडे झुकतील, आणि मार्चात केली तर त्याच माणसाचे तास भलतेच फुगलेले दिसतील.

बरे, शिक्षकाचे काम म्हणजे केवळ तासिका नव्हेत. 2018 साली पुढारलेल्या देशांच्या आर्थिक संघटनेने माध्यमिक शिक्षकांची पाहणी केली. सहभागी देशांची सरासरी आठवड्याला सुमारे 38 तास निघाली, जपानची 56! गंमत अशी, की जपानी शिक्षक वर्गात शिकवीत होते ते केवळ 18 तास. उरलेला वेळ तयारी, कागदपत्रे, सभा आणि शाळेनंतरचे खेळ यांत गेला. आमच्या घरच्या शिक्षिकाबाईंचा रविवार उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांत कसा जातो हे आम्ही पाहतो. तो कोणत्याच हजेरीपटावर चढत नाही.

आपल्याकडचा कायदा येथे लक्षपूर्वक वाचण्यासारखा आहे. 1948 च्या कारखाना-कायद्याने प्रौढ कामगाराला आठवड्याचे 48 तास घालून दिले, ते जास्तीत जास्त म्हणून. 2009 च्या शिक्षणहक्क-कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकासाठी 45 तास आहेत, तयारीचा वेळ धरून. पण ते कमीत कमी म्हणून! एकाला छप्पर दिले, दुसऱ्याला जमीन. जनगणना, निवडणूक आणि आपत्तिनिवारण ही कामे याच कायद्याने शिक्षकाकडे राहू दिली आहेत.

इस्पितळाची गोष्ट अधिक गंभीर आहे. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने 1930 साली व्यापार व कचेऱ्यांसाठी कामाच्या तासांचा करार केला, तेव्हा रुग्णसेवेच्या संस्था त्यातून स्पष्टपणे वगळल्या. आजारपण घड्याळ पाहत नाही, हे खरेच. परंतु डॉक्टरही माणूसच! 1984 साली न्यूयॉर्कच्या एका इस्पितळात अठरा वर्षांची एक मुलगी दगावली. तिच्यावर उपचार करणारे शिकाऊ डॉक्टर दीर्घ पाळीवर होते. त्यातून चौकशी झाली आणि 1989 पासून त्या राज्यात निवासी डॉक्टरांना आठवड्याला 80 तासांची मर्यादा आली. होय, ऐंशीची! युरोपात वाद निघाला तो निराळाच : इस्पितळातच खाट देऊन बोलावण्याची वाट पाहत ठेवलेला डॉक्टर झोपला, तर ते काम की विश्रांती? 2003 साली तिथल्या न्यायालयाने निर्णय दिला, की ते कामच. आपल्या केंद्र सरकारनेही 1992 साली निवासी डॉक्टरांसाठी साधारणपणे 48 तासांचा आठवडा आणि सलग बारा तासांहून अधिक काम नको असे कळविले होते. ‘साधारणपणे’ हा शब्द सरकारी पत्रव्यवहारात किती ताणला जातो, हे वाचकांना सांगणे नको.

आता सरासरीची करामत पाहा. समजा, एका विभागात पाच परिचारिका आहेत. दोघी अर्धवेळ, वीस-वीस तास, तिघी साठ-साठ. बेरीज 220, सरासरी 44. अठ्ठेचाळिसाच्या आतच की! कागद पाहणारा अधिकारी समाधानाने मान डोलावील. पण त्या तिघींपैकी एकीला रात्रपाळीच्या शेवटच्या तासात औषधाची मात्रा मोजावयाची असते, आणि समोरच्या खाटेवरच्या रुग्णाला सरासरी परिचारिका भेटत नाही. तिच्याच हातून त्याला औषध घ्यावयाचे असते. म्हणून आकडे मागताना किती जण साठ तासांच्या वर गेले आणि सलग किती वेळ जागे होते, हे दोन रकाने निराळे मागावेत असे आम्हास वाटते. त्यासाठी पाळीची वही पुरते. मात्र तीत सुटल्याची वेळ खरी लिहिलेली हवी.