नवी गाडी, बसलेली बॅटरी

पांढुर्णा-सौंसर भागात नवी गाडी येते ती बहुतेक करून नागपूरहून, नाहीतर छिंदवाड्याहून. दसरा किंवा पाडव्याचा मुहूर्त साधतात, जामसावळीच्या हनुमानापुढे गाडी उभी करतात, चाकाखाली लिंबू ठेवतात. आणि महिना-दीड महिना होत नाही तोच एखाद्या सकाळी बटण दाबावे तर डॅशबोर्डचे दिवे मिणमिणतात आणि आतून नुसती टकटक ऐकू येते. कर्ज काढून घेतलेली गाडी सेल्फ घेत नाही म्हटल्यावर घरातल्यांचा जीव खालीवर होतो, आणि आपल्याला फसवले असे वाटणेही साहजिक आहे.

पण अशा वेळी बॅटरी खराब निघाली असे लगेच समजू नये. नव्या गाडीत ती बहुधा फक्त उतरलेली असते. उतरलेली बॅटरी लवकर भरली तर वाचते. तशीच पडू दिली, की शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण थर बसतात आणि मग ती खरोखरच कामातून जाते.

फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांनी १८५९मध्ये शिसे आणि सल्फ्युरिक आम्लाची पहिली बॅटरी बनवली. आजही बहुतेक गाड्यांत तीच जात आहे. मोठी बॅटरी असलेल्या बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांतही कुलपे आणि संगणक चालवायला १२ व्होल्टची अशी छोटी बॅटरी असते, आणि ती बसली की मोठी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही. आत सहा कप्पे असतात आणि पूर्ण भरल्यावर व्होल्टमीटर साधारण १२.६ दाखवतो. १२.२ म्हणजे निम्मी उरली. १२च्या खाली आकडा आला, की सेल्फचा भरवसा नाही.

गाडी बंद असली तरी घड्याळ, अलार्म, किल्लीची चाहूल घेणारा रिसीव्हर, मोबाइलशी संपर्क ठेवणारे गाडीतले सिमकार्ड हे सगळे थोडी थोडी वीज घेतच राहतात. ही गळती ५० मिलिअँपिअरपर्यंत असली तर सर्वसाधारण मानतात. म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास. छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची धरली, तर नुसती उभी राहून ती महिनाभरात रिकामी होते. त्यात बाहेरून बसवलेला डॅशकॅम किंवा शोभेचे दिवे असतील आणि त्यांची वायर थेट बॅटरीवर घेतली असेल, तर आठवडाही पुरतो.

आपल्याकडे ही गोष्ट जास्त घडते, त्याला कारणे आहेत. मुलगा पुण्याला नोकरीला, गाडी घेतली आईवडिलांसाठी, आणि ती निघते फक्त लग्नकार्याला किंवा दवाखान्याला. एरवी टिनाच्या शेडखाली उभी. सेल्फ मारायला लागलेली वीज काही मिनिटांच्या फेरीत भरून निघते, पण महिनाभराची गळती घर ते संत्र्याचा बगीचा एवढ्या अंतरात भरत नाही. शिवाय उन्हाळा. तापमान १० अंशांनी वाढले की आतल्या रासायनिक क्रियांचा वेग जवळपास दुप्पट होतो. मे महिन्यात तापलेल्या टिनाखाली बॅटरी आपोआप उतरतेही लवकर आणि तिचे आयुष्यही झपाट्याने घटते.

आणखी एक बाब ग्राहकाला कुणी सांगत नाही. तुमच्यासाठी नवी असलेली गाडी कारखान्यातून निघून कित्येक महिने यार्डात उभी असू शकते. तेवढे दिवस बॅटरी उतरत होती.

बॅटरी बसल्यावर बटणाच्या गाडीचे दारच उघडले नाही तर रिमोटच्या आत लोखंडी किल्ली लपवलेली असते, ती काढावी. मग जम्पर केबल लावून दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून वीज घ्यावी. महामार्गावर सहज थांबेल तो ट्रक, पण जड ट्रकची यंत्रणा २४ व्होल्टची असते. त्यावरून वीज घेतली तर गाडीतले संगणक जळू शकतात. गावात त्यापेक्षा ट्रॅक्टर बरा. बहुतेक ट्रॅक्टरची बॅटरी १२ व्होल्टची असते, तरी तिच्यावरचा आकडा वाचून घ्यावा आणि ट्रॅक्टरचे इंजिन बंदच ठेवावे. लाल केबलचे एक टोक बसलेल्या बॅटरीच्या प्लसला, दुसरे चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळ्या केबलचे एक टोक चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि शेवटचे टोक आपल्या गाडीच्या इंजिनाच्या रंग नसलेल्या धातूला, बॅटरीपासून दूर. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि ठिणगी तिथेच पडली तर स्फोट होऊ शकतो, म्हणून ही काळजी. काढताना उलट क्रमाने.

धक्का स्टार्टच्या भानगडीत पडू नये. ऑटोमॅटिक गाडी धक्क्याने चालू होत नाही. आणि बॅटरी पार रिकामी असेल तर मॅन्युअल गाडीचाही इंधनपंप आणि संगणक जागा होत नाही. गाडी चालू झाली म्हणजे झाले, असेही नाही. तासभर चालवावी, आणि शक्य असेल तर बॅटरीच्या दुकानात रात्रभर हळू चार्जिंगला लावावी. मग तपासणी. सेल्फ मारताना आकडा ९.६च्या खाली कोसळत असेल तर बॅटरीतच खोट असण्याची शक्यता मोठी. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांना वेगळ्या जातीची बॅटरी लागते. तिच्या जागी साधी बसवून घेऊ नका.

या सगळ्याआधी शोरूमला लेखी कळवा. मेसेज किंवा ईमेल चालेल, पण तारीख दिसली पाहिजे. तोपर्यंत बाहेर कुठे वायर कापू देऊ नका, कारण वॉरंटी नाकारायला तेच पहिले निमित्त होते. बॅटरीची वॉरंटी पुष्कळदा गाडीपेक्षा वेगळी आणि कमी मुदतीची असते, तिचे कार्ड मागून घ्या. टोलवाटोलवी झालीच तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगाकडेही तक्रार करता येते. गाडी नागपूरला घेतली म्हणून नागपूरलाच खेटे घालायची सक्ती नाही. सौंसर-पांढुर्ण्याच्या माणसासाठी ही तरतूद फार मोलाची आहे.

गाडी ताब्यात घेताना रंगावरचे ओरखडे आपण बारकाईने बघतो. त्याच वेळी बॉनेट उघडायला सांगा, व्होल्टमीटर लावायला लावा आणि आकडा डिलिव्हरीच्या कागदावर लिहून घ्या. तो १२.४च्या खाली असेल तर बॅटरी पूर्ण भरून मिळाल्याशिवाय सही करू नका, मुहूर्त टळला तरी चालेल.